बटण दाबलं की नेमकं काय होतं? (पायथॉन – टीकिंटर)



आठवीच्या वर्गात पायथॉन शिकवताना एका मुलीने मला विचारलं, "बाई, तुम्हीच सांगितलं होतं की प्रोग्राम वरून खाली एकेक ओळ वाचत जातो आणि संपतो. मग ही खिडकी संपत का नाही? आणि मी बटण दाबल्यावर प्रोग्राम परत वर कसा जातो?"

प्रश्न अगदी रास्त होता. तोवर आम्ही जे प्रोग्राम केले होते ते सगळे काळ्या पडद्यावरचे: दोन संख्या विचारा, बेरीज छापा, संपलं. खिडकी, खोका आणि बटण असलेला प्रोग्राम मात्र वेगळ्या रीतीने चालतो. हा फरक मुलांना आधी नीट समजला तर पुढच्या निम्म्या चुका होतच नाहीत. तो समजावून न देता नुसती ओळीमागून ओळ उतरवून घेतली, तर बटण चालतं पण का चालतं ते कळत नाही, आणि बिघडलं की मुलं हातावर हात धरून बसतात.

म्हणून आजचा पाठ फक्त एका बटणाचा. शेवटी माझी स्वतःची एक चूकही सांगणार आहे. त्या चुकीचा त्रास दुसऱ्याच माणसाला झाला, म्हणून ती मला विसरता येत नाही.

वाट पाहणारा प्रोग्राम

मी मुलांना आमच्या शिपाईमामांचं उदाहरण देते. मामा मोठ्या सरांच्या खोलीबाहेर स्टुलावर बसलेले असतात. सकाळीच त्यांना सांगून ठेवलेलं असतं: एक घंटी वाजली की पाणी आणायचं, दोन वाजल्या की लिपिकांना बोलवायचं. मग मामा बसून राहतात. घंटी वाजली की उठतात, ठरलेलं काम करतात, आणि परत स्टुलावर येऊन बसतात.

यात चार गोष्टी आहेत. त्या चारही खिडकीच्या प्रोग्राममध्ये जशाच्या तशा असतात.

१. घंटी वाजणे – याला इव्हेंट म्हणतात, म्हणजे घटना. बटण दाबलं, माउस हलला, की दाबली, खिडकी बंद केली, या सगळ्या घटनाच.

२. ठरलेलं काम – म्हणजे फंक्शन. घटना घडल्यावर चालतं म्हणून त्याला इव्हेंट हँडलर म्हणतात. कॉलबॅक हाही शब्द पुस्तकांत दिसेल.

३. सकाळी सांगून ठेवणे – कोणत्या घंटीला कोणतं काम, ही जोडणी. टीकिंटरमध्ये ती बटणाच्या ‘कमांड’ या पर्यायात करतात.

४. स्टुलावर बसून राहणे – हा मेनलूप. प्रोग्रामची शेवटची ओळ साधारणपणे हीच असते.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. प्रोग्राम वरून खालीच जातो. पण शेवटच्या ओळीवर, मेनलूपवर, तो वाट पाहत बसतो. बटण दाबलं की तो "परत वर" जात नाही. सांगून ठेवलेलं एक फंक्शन तेवढं चालवतो आणि पुन्हा वाट पाहायला लागतो. खिडकी बंद केली की मामांची सुट्टी झाली. मग मेनलूपच्या खाली काही ओळी असतील तर त्या चालतात आणि प्रोग्राम संपतो.

मेनलूपच्या खाली एखादी ‘प्रिंट’ची ओळ लिहून मुलांना हे प्रत्यक्ष दाखवा. खिडकी उघडी आहे तोवर ती ओळ छापली जात नाही. बंद केली की लगेच छापली जाते. इतका साधा प्रयोग, पण अर्ध्या तासाच्या व्याख्यानापेक्षा जास्त सांगून जातो.

टीकिंटर का?

पायथॉन बसवला की टीकिंटर बहुधा सोबतच येतो, वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही. इंटरनेट नसलेल्या शाळेत ही फार मोठी सोय आहे. काही लिनक्स संगणकांवर मात्र तो वेगळा बसवावा लागतो. खिडक्या आणि बटणं काढायचं मूळ काम ‘टीके’ नावाची जुनी प्रणाली करते. ती जॉन औस्टरहौट यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथे तयार केली. टीकेशी बोलणारा पायथॉनमधला दुवा तो टीकिंटर.

एक छोटी सूचना: जुन्या पुस्तकांत टीकिंटरचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीतलं दिसतं. ते पायथॉन २ साठी होतं. पायथॉन ३ मध्ये सगळी अक्षरं लहान. मोठं टाकलं तर पहिल्याच ओळीला प्रोग्राम अडतो.

आपला नमुना: आज तांदूळ किती?

पुस्तकातलं ‘हॅलो वर्ल्ड’चं बटण मुलांना एकदा गंमत देतं, दुसऱ्यांदा नाही. म्हणून मी रोजच्या कामातला हिशोब घेतला. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ धरतात. हजर मुलांची संख्या लिहायची, बटण दाबायचं, तांदूळ किती काढायचा ते दिसलं पाहिजे. बस्स.

फळ्यावर मी आधी मराठीतच लिहून घेते:

१. खिडकी तयार कर.
२. एक खोका ठेव. त्यात हजर मुलांची संख्या लिहायची.
३. एक रिकामी पट्टी ठेव. त्यावर उत्तर दिसेल.
४. एक काम ठरव. त्याचं नाव तांदूळ_सांग. खोक्यातली संख्या घे, १५० ने गुण, उत्तर पट्टीवर लिही.
५. एक बटण ठेव. त्यावर ‘तांदूळ किती?’ असं लिही. दाबल्यावर करायचं काम: तांदूळ_सांग.
६. वाट पाहत बस.

मग प्रत्येक ओळीसमोर पायथॉनचा शब्द लिहायचा. खोका म्हणजे ‘एंट्री’, पट्टी म्हणजे ‘लेबल’, काम ठरवणं म्हणजे ‘डेफ’, बटण म्हणजे ‘बटन’, आणि वाट पाहत बसणं म्हणजे ‘मेनलूप’. प्रत्येक वस्तू खिडकीत मांडायला ‘पॅक’ लागतो. तो विसरला तर वस्तू तयार होते पण दिसत नाही, आणि मुलं म्हणतात, "बाई, बटणच आलं नाही!"

फंक्शनची आणि व्हेरिएबलची नावं पायथॉन ३ मध्ये देवनागरीत चालतात. पायथॉनचे स्वतःचे शब्द तेवढे इंग्रजीत लिहावे लागतात. सुरुवातीला मी मुलांना मराठी नावं देऊ देते. त्यांना स्वतःचे शब्द कोणते आणि पायथॉनचे कोणते, हे आपोआप वेगळं दिसतं.

चूक पहिली: कंसाची

ही चूक दर वर्षी, जवळजवळ प्रत्येक मुलाकडून होते. बटणाच्या कमांडमध्ये तांदूळ_सांग एवढंच नाव लिहायचं असतं. मुलं सवयीने पुढे कंस टाकतात: तांदूळ_सांग(). मग अजब प्रकार होतो. प्रोग्राम सुरू होताच, बटण दाबायच्या आधीच, काम होऊन जातं (किंवा खोका रिकामा म्हणून चूक येते). नंतर बटण कितीही दाबा, काही होत नाही.

मामांकडे परत जाऊ. "घंटी वाजली की चहा आणा" हे झालं सांगून ठेवणं. "चहा आणा!" हा झाला हुकूम. कंस म्हणजे हुकूम: आत्ताच्या आत्ता कर. तो ऐकून मामा लगेच चहा घेऊन येतात. पण घंटी वाजल्यावर काय करायचं, ते त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. म्हणून पुढे घंटी वाजली तरी मामा स्टुलावरच.

प्रोग्रामच्या भाषेत सांगायचं तर कंसामुळे फंक्शन तिथल्या तिथे चालतं आणि त्याचं उत्तर कमांडला मिळतं. आपलं फंक्शन काही परत देत नाही, म्हणजे उत्तर ‘नन’, काहीच नाही. बटणाला काहीच काम मिळत नाही.

मुलांना एक वाक्य पाठ करून घ्या: बटणाला कामाचं नाव द्यायचं, काम करून द्यायचं नाही.

चूक दुसरी: खोक्यातली संख्या ही संख्या नसते

कंस काढला. बटण दाबलं. खोक्यात ४२ लिहिलं होतं. उत्तर ६३०० ग्रॅम यायला हवं. आलं काय? ४२४२४२४२… असे तब्बल तीनशे अंक! पट्टी लांबत गेली आणि खिडकी पडद्याबाहेर पोचली. वर्गात जो काही हशा झाला, तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला.

पण ही चूक मी मुद्दाम होऊ देते. खोक्यातून जे येतं तो मजकूर असतो, अक्षरं असतात. मजकुराला १५० ने गुणलं की पायथॉन तो मजकूर १५० वेळा एकापुढे एक लिहितो. दोन खोके ठेवून बेरीज केली तर ३५ आणि ४२ मिळून ७७ होत नाहीत, ३५४२ होतात. म्हणजे पाचवीपर्यंतची ३५ मुलं आणि वरची ४२ मुलं मिळून साडेतीन हजार मुलं जेवायला!

उपाय सोपा: आधी ‘इंट’ने मजकुराची संख्या करायची, मग गुणायचं. यात एक छान गोष्ट मुलांना दाखवा. देवनागरीत ४२ टाइप केलं तरी ‘इंट’ला ते समजतं. मात्र उत्तर तो इंग्रजी अंकांत छापतो.

मग एक खोडकर मुलगा खोक्यात "बेचाळीस" लिहितो. दुसरी मुलगी रिकामं सोडून बटण दाबते. दोन्ही वेळा खिडकीत काहीच होत नाही. "बाई, बटण बिघडलं!"

बटण बिघडलेलं नसतं. फंक्शन मध्येच चुकून थांबलं आणि चुकीचा निरोप मागच्या काळ्या पडद्यावर छापला गेला. टीकिंटर अशा वेळी खिडकी बंद करत नाही, मेनलूप पुढे चालू ठेवतो. म्हणून बटण गप्प राहिलं की पहिल्यांदा मागचा पडदा बघायचा, ही सवय लावा. नंतर ‘ट्राय’ आणि ‘एक्सेप्ट’ शिकवा. संख्या करता आली तर हिशोब, नाही आली तर पट्टीवर "कृपया संख्या लिहा". चुकलेल्या माणसाला उत्तर मिळालं पाहिजे. गप्प बसणारं बटण वापरणाऱ्याला गोंधळात पाडतं. यावरून मला पुढे चांगलाच धडा मिळाला.

दाबणं म्हणजे नक्की कधी?

हा प्रयोग पाच मिनिटांचा आहे, नक्की करा. बटणावर माउस दाबून धरा, सोडू नका. काम होत नाही. आता बोट न उचलता माउस बटणाबाहेर सरकवा आणि मग सोडा. तरीही काम होत नाही. म्हणजे काम होतं ते बटणावरच बोट उचलल्यावर. चुकून दाबलं गेलं तर माघार घ्यायला जागा ठेवली आहे.

टॅब कीने बटणापर्यंत जाऊन स्पेस दाबा, बटण चालतं. एंटर दाबा, टीकिंटरचं साधं बटण चालत नाही. मुलांना मात्र संख्या लिहिली की एंटरच मारायची सवय असते. त्यासाठी खोक्याला ‘बाइंड’ वापरून एंटर कीची घटना त्याच फंक्शनला जोडता येते. एक फरक ध्यानात ठेवा. ‘कमांड’ फंक्शनला काही देत नाही. ‘बाइंड’ मात्र घटनेची माहिती हातात देतो: कोणती की, माउस कुठे होता वगैरे. ती घ्यायला फंक्शनच्या कंसात एक नाव लागतं. दोन्हीकडून एकच फंक्शन वापरायचं असेल तर त्या नावाला आधीच ‘नन’ देऊन ठेवायचं. मग माहिती मिळाली तरी चालतं, नाही मिळाली तरी चालतं.

एक काम, अनेक बटणं

सहावी, सातवी, आठवी अशी तीन बटणं हवीत म्हणून हुशार मुलं लूप लावतात आणि ‘लॅम्डा’ने प्रत्येक बटणाला त्याची इयत्ता देतात. मग कोणतंही बटण दाबा, आठवीच येते! कारण लॅम्डा इयत्ता लक्षात ठेवत नाही, इयत्ता या डब्यात काय आहे ते दाबल्यावर जाऊन बघतो. तोवर लूप संपलेला असतो आणि डब्यात शेवटची आठवी राहिलेली असते. उपाय: लॅम्डा बनवतानाच त्या क्षणाची इयत्ता त्याच्या स्वतःच्या खिशात ठेवायची, म्हणजे लॅम्डाला एक नाव देऊन त्याचं आधीचं मूल्य ‘इयत्ता’ ठेवायचं. हा भाग नववीच्या पुढे घेतला तरी चालेल.

माझी चूक

प्रोग्राम चांगला चालायला लागला तसा उत्साह वाढला. मी त्यात दुसरं बटण टाकलं: ‘नोंद करा’. ते दाबलं की तारीख, हजर संख्या आणि तांदूळ अशी एक ओळ फाइलमध्ये जायची. फाइल दुसऱ्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर होती, वाय-फाय अगदी मंद. म्हणून फंक्शनच्या सुरुवातीलाच पट्टीवर "थांबा, नोंद होत आहे" असं लिहिलं. रोजची नोंद माझ्याच वर्गातला एक मुलगा करायचा. महिनाअखेरीला त्याच फाइलवरून रजिस्टर भरलं.

शिल्लक मोजली तर पोत्यात तांदूळ रजिस्टरपेक्षा जास्त. कमी असता तर वेगळा प्रश्न होता. जास्त म्हणजे मुलांना कमी शिजवून घातला, असाच अर्थ निघतो. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना बोलावून विचारणा झाली. त्या एवढंच म्हणाल्या, "बाई, मी रोज मापानं मोजून घेते. माझं माप कमी नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. इतकी वर्षं चुलीपुढे उभ्या राहिलेल्या बाईला, मुलांच्या ताटातलं कमी करता का, असं विचारलं गेलं.

संध्याकाळी मी फाइल उघडली. एका तारखेला तीन ओळी, तिन्हीत ४२ मुलं आणि ६ किलो ३०० ग्रॅम. म्हणजे शिजला ६ किलो ३००, नोंदला गेला १८ किलो ९००. फरक १२ किलो ६०० ग्रॅम. पुढे आणखी दोन दिवशी असंच. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "बाई, बटण दाबलं तर काहीच झालं नाही, म्हणून परत दाबलं."

त्याचं काही चुकलं नव्हतं. चूक माझ्या प्रोग्रामची होती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मी मावशींची माफी मागितली आणि रजिस्टर दुरुस्त केलं.

असं का झालं?

पुन्हा मामा. समजा घंटी वाजली आणि मामांना बँकेत पाठवलं. ते परत येईपर्यंत स्टूल रिकामं. मधल्या वेळेत आणखी दोनदा घंटी वाजली तर लगेच कोणी येत नाही. पण त्या घंट्या वाया जात नाहीत, रांगेत थांबतात. मामा आले की एकामागून एक ती कामंही करतात.

फंक्शन चालू असताना मेनलूप थांबलेला असतो. त्यामुळे दोन गोष्टी झाल्या.

पहिली: "थांबा, नोंद होत आहे" हे मी लिहिलं खरं, पण पट्टी रंगवून दाखवणं हेही मेनलूपचंच काम. तो फंक्शन संपल्यावरच मोकळा झाला. तोवर निरोप मुलाला दिसलाच नाही. त्याच्या दृष्टीने बटण गप्प होतं.

दुसरी: त्याने मधल्या वेळेत दाबलेली दोन्ही बटणं रांगेत थांबली आणि नंतर चालली.

मला वाटलं, सोपं आहे, फंक्शनच्या सुरुवातीला बटण ‘डिसेबल्ड’ म्हणजे बंद करू आणि शेवटी परत चालू करू. करून पाहिलं. तरी दोन ओळी! कारण रांगेतली घटना मेनलूप हातात घेतो ते फंक्शन संपल्यावर, आणि तोवर मी बटण परत चालू करून ठेवलेलं होतं. बंद असलेलं बटण मेनलूपला कधी दिसलंच नाही.

शेवटी तीन गोष्टी केल्या.

१. निरोप लिहिल्यावर लगेच ‘अपडेट_आयडलटास्क्स’ बोलावलं. त्याने राहिलेलं रंगकाम तिथल्या तिथे होतं आणि "थांबा" खरोखर दिसतं.

२. फाइल आपल्याच कॉम्प्युटरवर ठेवली, म्हणजे काम क्षणात होतं. नियम असा: बटणाचं फंक्शन छोटं हवं. विशेषतः त्यात ‘स्लीप’ कधीच नको. थोड्या वेळाने काही करायचं असेल तर ‘आफ्टर’ वापरा. म्हणजे "मामा, दोन मिनिटांनी हे करा" असं सांगून ठेवायचं, दोन मिनिटं उभं करून ठेवायचं नाही.

३. सगळ्यात महत्त्वाचं: ओळ लिहिण्याआधी त्या तारखेची नोंद आहे का ते बघायचं. असेल तर नवी लिहायची नाही, "आजची नोंद झालेली आहे. बदलायची आहे का?" असं विचारायचं.

पहिल्या दोन उपायांनी बटण दोनदा दाबलं जाण्याची शक्यता कमी होते. तिसऱ्याने दोनदा दाबलं तरी नुकसान होत नाही. प्रोग्राम बंद करून परत उघडला, दुसऱ्याच मुलाने नोंद केली, तरी एका दिवसाची ओळ एकच. खरा उपाय तिसरा. म्हणून आता आमच्या वर्गात कोणतंही बटण तयार झालं की पहिली चाचणी एकच: भराभर दहा वेळा दाबून बघ.

(बटण बंद-चालू करायचं असेल तर एक खबरदारी घ्या. बटण तयार करून त्याच ओळीत ‘पॅक’ केलं, तर नावात बटण राहत नाही, ‘नन’ राहतो. आधी तयार करा, पुढच्या ओळीत पॅक करा.)

कॉम्प्युटरशिवाय खेळ

एका मुलाला स्टुलावर बसवा, तो मेनलूप. तीन मुलं बटणं. प्रत्येक बटणाचं काम एकेका चिठ्ठीवर: खिडकी उघड, फळ्यावर तारीख लिही, पन्नासपर्यंत अंक मोज. बटणाने हात वर केला की मेनलूप ते काम करतो आणि परत बसतो. तो पन्नासपर्यंत मोजत असताना इतरांना हात वर करू द्या. ‘खिडकी हँग झाली’ म्हणजे काय, ते सगळ्या वर्गाला एकदम दिसतं.

सरावासाठी

१. पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी असे दोन खोके ठेवून एकूण तांदूळ किलो आणि ग्रॅममध्ये दाखवा.
२. ‘पुसा’ हे बटण तयार करा. खोके आणि उत्तराची पट्टी, दोन्ही रिकामे व्हायला हवेत.
३. बटण किती वेळा दाबलं ते मोजा. (फंक्शनच्या बाहेरचा आकडा आत बदलताना ‘ग्लोबल’ का लागतं, ते इथे कळेल.)
४. खोक्यात उणे ५ लिहिलं तर तुमचा प्रोग्राम काय म्हणतो? त्याने काय म्हणायला हवं?

पालकांसाठी

तुम्हाला पायथॉन येत नसला तरी हरकत नाही. लिफ्टमध्ये, एटीएमपाशी किंवा मोबाइलवर पैसे पाठवताना मुलांना एवढंच विचारा: "हे बटण दोनदा दाबलं तर काय होईल? काय व्हायला हवं?" लिफ्टचं बटण दहादा दाबलं तरी लिफ्ट एकदाच येते. पैसे पाठवताना तसं झालं नाही तर? मूल यावर विचार करायला लागलं की त्याचा प्रोग्रामिंगचा अर्धा अभ्यास तुमच्या घरात झाला.

आमच्या शाळेत आता तांदळाची नोंद मावशी स्वतः करतात. पहिल्या दिवशी त्यांनी बटण दाबलं, निरोप वाचला, आणि मुद्दाम परत एकदा दाबलं. "आजची नोंद झालेली आहे" असं पट्टीवर आलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आता बरोबर."

तुमच्या वर्गात मुलांनी बटणाच्या आणखी कोणत्या चुका केल्या, ते जरूर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी शिकवायला त्याच सगळ्यात जास्त उपयोगी पडतात.